लेकीच्या घरी न जेवलेले नाना

नानांबद्दल मी लिहावं की नाही, हे मला अजूनही नीट ठरवता आलेलं नाही. मी त्यांचा नातेवाईक नाही, शिष्य नाही. अमरावतीला शिकत होतो तेव्हा राजापेठेतल्या त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो, एवढाच काय तो संबंध. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. लिहिणं म्हणजे अर्ज लिहिणं, असंच आमच्याकडे समजतात. एका माणसाला कागदावर उभं करण्याची माझी लायकी नाही, हे मला ठाऊक आहे. शिवाय यात ज्यांचं दुःख आहे, त्या ताई, नानांची मुलगी, हे कधी वाचतील तर त्यांना त्रासच होईल. त्यांची आधीच माफी मागतो. तरी लिहितो, कारण राजापेठेत नानांची जी गोष्ट सांगून लोक हसतात, ती अर्धीच आहे.

नाना, म्हणजे वसंतराव खारोडे, सरकारी बसवर ड्रायव्हर होते. सगळी नोकरी अकोला, अमरावती, परतवाडा या रस्त्यांवर गेली. मी राहायला आलो तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि पत्नीही वारल्या होत्या. एकुलती एक मुलगी सुनंदाताई अमेरिकेत. घरात नाना, एक लिंबाचं झाड आणि तीन पुडाचा स्टीलचा डबा. डब्याचं नाव मुद्दाम घेतलं, कारण रोज घरातच जेवायचं असलं तरी नाना स्वयंपाक करून आधी डबा भरत आणि मग ओट्यावर बसून तो उघडून खात. "ताटात जेवलो का पाहुणा असल्यासारखं वाटते," म्हणत.

मला खोलीवर सोडायला आई आली होती. बार्शीटाकळीकडच्या आमच्या गावाहून तिनं घरच्या हरभऱ्याची डाळ आणली होती. नानांनी ती घेतली आणि आई परत निघायच्या आत झाडावर चढले. त्या वयात! ओच्यात लिंबं घेऊन उतरले आणि तिच्या पिशवीत ओतली. आई म्हणाली, "राहू द्या भाऊ, काहून एवढा तरास?"

"घेतलं का द्या लागते, बाई. नाई तं रात्री झोप लागत नाई मले."

हे फक्त बोलणं नव्हतं. हायवेवरच्या ढाब्यांवर बस थांबली की ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण फुकट असतं, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. नानांनी ते कधी खाल्लं नाही. बसमागे सावली पाहून आपला डबा उघडत. कंडक्टर लोकांना ते आवडत नसे, कारण मग त्यांच्या घशाखाली घास जात नसे. एका ढाबेवाल्यानं तर चिडून विचारलं होतं, "काय ड्रायव्हरसाहेब, आमच्या हातचं चालत नाई काय तुमाले?" नानांनी त्याला सांगितलं, "चालते. पण एकडाव खाल्लं का मंग तुही भाजी नासकी असली तरी गाडी इथंच उभी करा लागन. मांगं पन्नास लोकं बसले हायेत."

ही गोष्ट सांगून झाली की ते बोट वर करून म्हणत, "रस्ता चुकला तं वापस येता येते बापू. ताट चुकलं तं येता येत नाई." मला हे वाक्य फार आवडायचं. मी ते मित्रांना सांगायचो. त्याची दुसरी बाजू मला तेव्हा दिसली नव्हती.

आमच्या भागात एक जुनी रीत आहे. लेकीला लेकरू होईस्तोवर आईबाप तिच्या घरी जेवत नाहीत. कोणी पाणीसुद्धा पीत नाही. दिलेल्या घरचं घ्यायचं नाही, असा त्यामागचा विचार. आता फारसं कोणी पाळत नाही. पाळणारेही ताटाखाली दहाची नोट ठेवून सुटका करून घेतात. पण फुकटचा चहा न पिणाऱ्या माणसाच्या हातात अशी रीत पडली, की तिचं काय होतं, ते मी पाहिलं.

सुनंदाताईंच्या लग्नाला तेव्हा तेरा-चौदा वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

माझं पहिलं वर्ष संपलं त्या उन्हाळ्यात ताईंनी नानांना अमेरिकेला बोलावून घेतलं. सोबत त्यांच्या सासूबाईही होत्या, अकोल्याच्या शकुंतलाबाई. विमानात दोघं व्याही-विहीण शेजारी बसले. शकुंतलाबाई विमानातलं सगळं जेवल्या. नानांनीही खाल्लं, कारण तिकिटाचे पैसे त्यांनी स्वतः भरले होते.

ताईंच्या घरी गेल्यावर मात्र त्यांनी स्वयंपाकघरात पाय ठेवला नाही. जावयानं शेवटी गॅरेजमध्ये एक विजेची शेगडी लावून दिली. नाना तिथं मोटारीशेजारी खुर्चीवर बसून खिचडी शिजवत. "गॅरेज घरात मोडत नाई," असा निकाल त्यांनीच दिला होता. मुलगी दाराच्या आत ताट घेऊन उभी आणि बाप दाराबाहेर कुकरची शिटी मोजतोय. हे नाना मला हसत सांगत. मीही हसलो होतो.

मग ताईंनी एक युक्ती काढली. तिकडे मोटरहोम नावाची मोठी गाडी भाड्यानं मिळते. आत पलंग, ओटा, गॅस, नळ, सगळं. सुट्टी काढून वाळवंटातल्या लाल दऱ्या पाहायला जायचं ठरलं. निघताना ताई नानांना म्हणाल्या, "नाना, हे घर नाही. गाडी आहे. भाड्याची आहे, पत्ता नाही हिला. गाडीत तर तुम्ही जन्मभर जेवलात."

नानांनी गाडीला चक्कर मारली. काठीनं सगळी चाकं ठोकून पाहिली. आत डोकावून आले. मग म्हणाले, "हाव. गाडी तं हाये."

आणि ते जेवले. लग्नानंतर पहिल्यांदा लेकीच्या हातचं जेवले.

त्या प्रवासाचं वर्णन त्यांनी राजापेठेत कोणाला सांगितलं नाही, असं झालं नाही. न्हावी, पेपरवाला, समोरच्या ट्यूशन क्लासची पोरं, सगळ्यांना ते पाठ झालं होतं. "उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीले भेगा पडतात का नाई? तशी भेग. पण अख्खं अकोला तिच्यात उतरलं तं वरून दिसणार नाई. अन् मातीचा रंग इटाच्या भट्टीसारखा. मैलच्या मैल जा, एक बोराटी नाई दिसत." जावई गाडी चालवत आणि नाना शेजारी बसत. तिकडे सगळंच उलटं, त्यामुळे ज्या बाजूला त्यांनी जन्मभर स्टेअरिंग धरलं त्याच बाजूला ते आता रिकाम्या हातानं बसले होते. "पाय आपला ब्रेक शोधून राह्यला! जावईबापू म्हणे, नाना, तुमी मांगं बसा, मले भेव लागते."

गोष्ट नेहमी रोडग्यांवर संपायची. एका संध्याकाळी दरीच्या अलीकडे मुक्काम होता. तिथं प्रत्येक गाडीजवळ जमिनीत लोखंडी कडं बसवलेलं असतं, त्यात लाकडं पेटवायची. ताईंनी जाडसर कणीक भिजवली. नानांनी स्वतः निखारे केले आणि त्यात रोडगे भाजले. वांग्याची भाजी, तुरीचं वरण, वर तूप. शेजारच्या गाडीतलं एक म्हातारं गोरं जोडपं वास घेत आलं. नानांनी त्यांना एक रोडगा फोडून दिला. "त्याले म्हटलं, माह्या पोरीनं कणीक मळली हाये. त्याले काय समजलं काय मालूम, पण बुढा राखेसकट खाऊन गेला!"

एवढं सांगून नाना थांबत. न्हावी विचारी, "मंग पुढं?"

"पुढं काय? आलो वापस."

परत आल्यावर नानांमध्ये काहीतरी बदललं होतं, ते मला जाणवत होतं. ताईंचा फोन पूर्वी रोज नानांना यायचा. आता रविवारी यायचा, तोही मला. "नाना जेवतात ना वेळेवर?" एवढंच विचारत. मी म्हणे, फोन देऊ का त्यांना? त्या म्हणत, "नको, राहू दे."

मग एकदा मी गावी निघालो होतो, तर नानांनी एक शाल दिली. "शकुंतलाबाईची हाये. सामानात माह्याकडं आली. अकोल्यात उतरून देऊन दे."

अकोल्यात बस बदलायचीच होती. मी पत्ता शोधत गेलो. शकुंतलाबाईंनी दार उघडलं, शाल पाहिली आणि म्हणाल्या, "शाल तुह्या हाती धाडली, म्हंजे मनातलं अजून गेलं नाईच. ये, बस. चहा पितं ना? का तूही तुह्या नानाचाच चेला?"

मी चहा घेतला. त्यांना बोलायला कोणी हवं होतं, असं वाटलं.

"रोडग्याचं सांगतलं असन त्यानं तुले. दुसऱ्या दिवसाचं नसन सांगतलं," त्या म्हणाल्या. "भर दुपार. दरीच्या काठावर गाडी उभी. दगडं असे तापलेले का हात लावता येत नव्हता. सुनंदा गरम गरम भाकरी टाकून राह्यली, अन् तुहे नाना बसून खाऊन राह्यले. मी आपली कंटाळली होती. लाल दगडं पाहून पाहून किती पाहाव? बोलाले काई नव्हतं. तं मी म्हटलं, इवाईबुवा, इथं पलंग हाये, चूल हाये, नळ हाये, संडास हाये. माह्या पोराच्या नावानं गाडी घेतली हाये. मंग हे घर नाई तं काय? खाली चाकं लावली का धर्म फसते काय?"

"मग?"

"मंग काय. घास हातातच होता. तो ताटात ठेवला. ताटाले नमस्कार केला अन् खाली उतरून गेले. मजाक होता रे बावा माहा. सोयऱ्या-सोयऱ्यात माणूस बोलत नाई काय? पण त्याईनं मजाक ऐकलाच नाई, खरं काय थे ऐकलं."

तिथून पुढं नानांनी गाडीतलं काही तोंडात घातलं नाही. पेट्रोल पंपावरच्या दुकानातून पाव विकत घेत आणि बाहेर उन्हात उभे राहून खात. पाणीसुद्धा विकतचं. जावयानं समजावलं, शकुंतलाबाईंनी माफी मागितली. नाना सगळ्यांशी गोड बोलत, दऱ्या पाहत, फोटोला उभे राहत. फक्त जेवत नव्हते.

"सुनंदा काई बोलली नाई," शकुंतलाबाई सांगत होत्या. "मंग एका मुक्कामी ताट वाढलं अन् बाहेर घेऊन गेली. दगडावर बसले होते थे. समोर ठेवलं. म्हणे, नाना, तुमी जेवत नाई म्हंजे रोज दोन टाईम मले सांगता का तुले लेकरू नाई. तुमी म्हणत नाई, पण सांगता तेच. मी गाडीत होती, माह्याही कानावर आलं. दवाखाने करून करून थकले होते रे थे दोघं. मले कोणी सांगतलं होतं? मी आपली फोनवर नातू नातू करे."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही. कप उचलून खाली ठेवला फक्त.

"मग जेवले का नाना?" मी विचारलं.

"घास मोडला. तोंडापर्यंत नेला. मले वाटलं, सुटलो. अन् परत ठेवला ताटात. पोरगी उठून गाडीत येऊन बसली. त्या दगडापरीस कडक माणूस हाये थो."

गावाहून परत आलो तरी हे डोक्यातून जाईना. नानांना विचारण्याचा मला काय अधिकार? पण एका सकाळी ते ओट्यावर डबा घासत होते, तेव्हा तोंडातून निघून गेलं. म्हटलं, "नाना, ताईंनी एवढं म्हटल्यावरही तुम्ही का जेवला नाहीत?"

त्यांनी डब्याला आणखी राख लावली. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतील.

"घास तोंडापाशी आल्ता बापू," ते म्हणाले. "मनात म्हटलं, रीत गेली चुलीत. लेक रडून राह्यली. मंग वाटलं, रीत काय म्हणते? लेकरू होईस्तोवर. मंग आज मी जेवलो तं त्याचा मतलब काय निघते? का आता होत नाई. दाक्तरनं म्हणाव, सासूनं म्हणाव, साऱ्या दुनियेनं म्हणाव. बापानं कसं म्हणाव? मी जेवलो नाई, म्हंजे अजून बाकी हाये तिचं."

 मी म्हटलं, "मग हे ताईंना सांगा ना. त्यांना वाटतं तुम्ही टोमणा मारता."

"बापानं लेकीसंग असं बोलाव काय? तिची माय असती तं बोलली असती." त्यांनी डबा पालथा घातला आणि आत गेले.

या गोष्टीवर मी खूप विचार केला आहे. कधी वाटतं, एवढी माया मी कुठं पाहिली नाही. कधी संताप येतो. लेकीला समोर बसवून उपाशी राहायचं, आणि का ते सांगायचं नाही. आणि त्याला तिची आशा म्हणायचं. ती आशा तिनं मागितली होती का? माझ्या वडिलांनीही मला कधी मनातलं काही सांगितलेलं नाही. आमच्याकडचे बाप असेच असतात, असं म्हणून सोडून देता येतं. पण तसं सोडून दिलं की कोणीतरी एकटं गाडीत जाऊन बसतं.

पुढच्या रविवारी ताईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. नानांचे शब्द जसेच्या तसे. मला वाटलं होतं, त्या रडतील, मग म्हणतील, नानांना फोन दे. मी जिना उतरायच्या तयारीतच होतो.

 त्या म्हणाल्या, "तुला सांगितलं?"

"हो."

"इतके दिवस एका गाडीत होतो आम्ही. माझ्यापासून दोन हातांवर झोपायचे. मला नाही सांगितलं. तुला सांगितलं."

"ताई, त्यांना तुमची आशा..."

"मला त्यांची आशा नको होती रे. त्यांनी जेवायला पाहिजे होतं."

फोन ठेवला गेला. त्यानंतर बरेच रविवार त्यांचा फोन आला नाही.

माझ्या शेवटच्या वर्षी नाना विसरायला लागले. आधी लहान गोष्टी होत्या. मग डबा भरून ठेवत आणि उघडायचंच विसरत. मी कॉलेजातून येई तेव्हा ओट्यावर सकाळचा डबा, शेजारी संध्याकाळचं म्हणून बांधलेलं पातेलं, आणि नाना उपाशी. एका दुपारी ते राजापेठच्या चौकात रिक्षावाल्यांना राजापेठ कुठं आहे, असं विचारत होते. रिक्षावाले हसत होते. मी त्यांचा हात धरला तर म्हणाले, "कंडक्टर कुठं गेला? पशिंजर खोळंबले हायेत."

मी ताईंना कळवलं. त्या आणि जावई तोपर्यंत पुण्याला बदलून आले होते. दोन दिवसांत त्या आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच समोर पाहत होतो. नानांसारखंच रुंद कपाळ, केस पुष्कळ पिकलेले. घरात आल्या, लिंबाखाली उभ्या राहिल्या, मग नानांच्या पायाशी बसून त्यांची नखं कापली. नानांनी त्यांना ओळखलं होतं. "सुनी, कधी आली?" असं दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी कपडे भरले, गाडी दाराशी आली. नाना फाटकात थांबले. "कुठं चाललो आपण?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "दवाखान्यात, नाना."

"असं होय. मंग चला."

माझ्या घरी, असं त्या म्हणाल्या असत्या तर ते फाटकातून हलले नसते. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. ताईंनी त्यांना धरून आत बसवलं आणि बराच वेळ त्यांच्या शर्टाची कॉलर नीट करत राहिल्या. कॉलर नीटच होती. काच खाली करून नाना मला म्हणाले, "फाटक लावून घे रे. गाई आत येतात." गाडी वळली. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

परीक्षा झाल्या, मी खोली सोडली, गावी आलो. ताईंना फोन करायची हिंमत होत नव्हती. काय विचारणार? तुमच्या घरी जेवतात का, हे? ते विचारणं मला जमलं नाही.

मग गेल्या आठवड्यात त्यांचाच निरोप आला, आवाजाचा. मी तो शेतातून येताना बांधावर उभा राहून ऐकला. सुरुवातीला त्यांनी माझा निकाल विचारला होता. मग म्हणाल्या:

"नाना बरे आहेत. जेवतात. दोन्ही वेळा, माझ्या हातानंच. दोन घास जास्तच खातात. मला आता ओळखत नाहीत. काल जेवण झाल्यावर मला हात जोडले. म्हणाले, बाई, लय उपकार झाले तुमचे, परक्या माणसाले जेवू घातलं. माही पोरगी इथंच कुठं जवळ राह्यते. पण तिच्याकडं नाई जेवत मी. अजून टाईम हाये तिले."